राळ, लाख आणि तुझी न झालेली सही

तुझ्या शोकसभेत मी माईक हातात घेऊन सांगितलं, की सदा आयुष्यात एकदाच चुकला आणि तेव्हा बरोबर मी होतो.

ही सांगायची जागा नव्हती, हे मला वाक्य संपायच्या आधीच कळलं होतं. मधेच खोकला काढता आला असता. काढला नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या कमलवहिनींनी आधी तुझ्या हार घातलेल्या फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, म्हणजे दोघांतल्या नक्की कुणाला झापावं हे ठरवत असल्यासारखं. तू फोटोत हसत होतास. तो फोटो मीच काढलेला, आणि त्या हसण्याचं कारणही मीच होतो. पण ते कुणी विचारलं नाही.

माझी तयारी वेगळी होती, सदा. मी तुझा नव्हे, माझा किस्सा सांगणार होतो. गुलालाचा. पण माझ्या आधी बोलायला उठलेल्या एकूण एक माणसानं तोच सांगितला. आणि सगळे म्हणाले, "सदासरांचा एक किस्सा आठवतो." सदासरांचा! अरे, चूक माझी, कान माझा, गुलाल माझा, अब्रू माझी, आणि किस्सा तुझा? माझी चूकसुद्धा माझ्या नावावर राहू दिली नाहीस तू. माझा नंबर आला तेव्हा सांगण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. म्हणून मग ते वाक्य.

हे लिखाण तुझ्याशिवाय आणखी कुणी वाचलं तर त्यांना कळावं म्हणून गुलालाचं थोडक्यात सांगतो. तू डोळे मिटून पड. तू ते माझ्यापेक्षा चांगलं सांगायचास हे मान्य करूनच सांगतो, आणि मान्य करताना पोटात दुखतं हेही लिहून ठेवतो.

उचगावच्या अंगाला आपली तपासणी प्रयोगशाळा. कुणी कारखानदार गाळ आणतो, कुणी पूड आणतो, कुणी कशाचा तरी चिकट गोळा आणतो आणि विचारतो, हे काय आहे? आपण चिमूटभर नमुना पांढऱ्या मिठात खलून त्याची काचेसारखी चकती दाबायची आणि तिच्यातून अवरक्त किरण सोडायचे. प्रत्येक पदार्थ त्यातले ठरावीक किरण पितो आणि बाकीचे सोडतो. जिथं पितो तिथं कागदावरच्या रेषेला दरी पडते. अशा दऱ्याखोऱ्यांचा आलेख म्हणजे त्या पदार्थाचा चेहरा. मग ओळखीच्या पदार्थांच्या आलेखांचा संग्रह काढायचा आणि चेहरा जुळवत बसायचं. एवढाच आपला धंदा.

तर मी जोतिबाला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी तसाच कामावर आलो. आंघोळ केली होती. पण जोतिबाचा गुलाल एका आंघोळीत जात नाही, हे ज्याला माहीत नाही त्यानं कोल्हापुरात राहू नये. एका यंत्रशाळेच्या मालकानं ग्रीसमध्ये साचलेला गाळ आणून दिला होता. मी विचार करताना कानात बोट घालतो आणि मग तेच बोट डोक्यावरून फिरवतो, ही माझी जुनी सवय. चकती दाबली. जराशी गुलाबी आली. मला वाटलं, काय सुंदर चकती आलीय आज! आलेख काढला, संग्रहाशी जुळवला आणि सहीनिशी अहवाल दिला: नमुन्यात पिष्ट. म्हणजे आपला साधा स्टार्च.

मालक अहवाल घेऊन परत आला. "सायेब, मी मशिनीला ग्रीस घालतोय. साबुदाण्याची खिचडी न्हाय."

तू तिथंच होतास. आलेख हातात घेतलास, लांब धरलास, मान तिरकी केलीस. पुस्तक उघडलं नाहीस, पट्टी लावली नाहीस. माझ्याकडं बघितलंस. मग सगळ्यांसमोर माझ्या कानात बोट घातलंस आणि बाहेर काढून मालकाला दाखवलंस. लालगुलाबी. "ह्यो बगा तुमचा गाळ, पावणं. गुलालात पीठ असतंय."

त्या दिवसापासून मी कशावरही काही बोललो की तुझं एकच उत्तर. "दत्त्या, कान धुतलास काय?" पावसाचा अंदाज सांगितला, कान धुतलास काय. मुलीला आलेल्या स्थळाबद्दल मत दिलं, कान धुतलास काय. आमच्या घरी येऊन, माझ्याच बायकोनं केलेला तांबडा रस्सा ओरपत, तिला म्हणालास, "वहिनी, ह्याच्या डोक्याला तेल कमी लावा जरा. कढईत भजी तळताना संपलं तर हितनं घ्यायला येईल." ती हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या एका विनोदाला ती तशी हसलेली नाही.

जळायचो मी तुझ्यावर. आता तू ऐकत नाहीस म्हणून नव्हे, तू होतास तेव्हाही मी हे तोंडावर सांगायचो आणि तू "व्हय, जळ की" म्हणून चहा मागवायचास. मत्सराचासुद्धा तू पाहुणचार करायचास. अशा माणसाचा नीट रागही करता येत नाही.

पण सगळ्यात जास्त मी जळलो ते तुझ्या डोळ्यावर. जोतिबाच्या गर्दीत पाठमोऱ्या माणसाला चालीवरून ओळखावं, तसा तू आलेख ओळखायचास. यंत्रातून कागद अर्धा बाहेर आलेला असायचा आणि तू म्हणायचास, "या पावणं, लई दिवसांनी!" आणि पाहुण्याचं नाव सांगायचास. मी मात्र जाडजूड पुस्तकं काढून, पट्टी लावून, एकेक दरी मोजत बसायचो आणि संध्याकाळी धापा टाकत तुझ्याच नावावर येऊन पोचायचो. पुढं संगणक आला. परदेशातला मोठा संग्रह त्यात भरलेला. मला वाटलं, आता बघू बेट्याला. आता तुझ्या डोळ्यांची मिजास संपली.

गुऱ्हाळावर उकळता उसाचा रस साफ करायला भेंडीचा जो चिकट रस घालतात, तो मी मुद्दाम त्या यंत्राला घातला. यंत्रानं मोठ्या विश्वासानं कुठल्यातरी परक्या मुलखातल्या झाडाच्या डिंकाचं नाव सांगितलं. मी ते तुला वाचून दाखवलं. तू हसून हसून खाली बसलास. मग डोळे पुसत म्हणालास, "त्याच्या पुस्तकात भेंडीच न्हाय, तर बिचारं काय करंल? वळखीच्यातला सगळ्यात जवळचा दावतंय. ठावं न्हाय म्हणायला त्याला शिकीवलंच न्हाय कुणी." आणि थांबून, "तुझ्यासारखंच हाय की रं."

तिथून आपला संग्रह सुरू झाला. भेंडीचा रस, गुलाल, चपलांच्या कातड्यावरचं रोगण, ओतकामाच्या वाळूतला चिकटा, आखाड्याच्या मातीतलं तेल. जे कुठल्याच पुस्तकात नाही आणि कोल्हापुरात मात्र पदोपदी आहे. नियम तूच केलास. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय कुठलाही आलेख नाव लावून संग्रहात जायचा नाही. आणि ज्याचा दावा, त्यानंच तो पुन्हा करून दाखवायचा.

सही करायच्या आधी पूर्वेच्या खिडकीच्या काचेवर दोन कागद एकावर एक धरायचे. मागून ऊन. डावी कड तुझ्या हातात, उजवी माझ्या. वरची रेघ आणि खालची रेघ एकमेकींत मिसळली की तू "बसलं" म्हणायचास. संगणक आल्यावरही हे आपण सोडलं नाही. आपल्या सगळ्या सह्या त्या खिडकीतल्या आहेत. आणि खरं सांगू? त्या सगळ्या आलेखांना आधी तू ओळखलंस. मी फक्त उजवी कड धरली.

एक सोडून. म्हणून तर तो एक मला इतका प्यारा.

पेठ वडगावचा तो सराफ तुला आठवतोय. गावच्या देवाचा चांदीचा मुखवटा दुरुस्तीला आला होता. पत्रा पातळ, आतून पोकळ. दाबला जाऊ नये म्हणून मागून भराव घातलेला, तो तडकून सुटलेला. गावकऱ्यांनी बजावलेलं, आत वाडवडलांनी जे घातलं होतं तेच घालायचं, दुसरं काही देवाला चालणार नाही. सराफ भरावाचा खडा बाटलीत घालून आपल्याकडं आला. चकती मी केली, आलेखही मी काढला. तू बघून म्हणालास, राळ. मी म्हणालो, राळ आहे, पण तिच्यात लाख घातलेली आहे.

त्या दोघींचे चेहरे बहिणी-बहिणींसारखे. राळेची मोठी दरी जिथं पडते, त्याच्या जरा डावीकडं लाखेची पडते. आणि माझ्या आलेखात राळेच्या दरीच्या डाव्या काठाला एक लहान खड्डा होता. स्पष्ट होता! मी पट्टी लावून दाखवला. पहिल्यांदाच तुझ्या डोळ्यातून काहीतरी निसटलं होतं आणि माझ्या पट्टीत सापडलं होतं. मला काय झालं होतं म्हणून सांगू. त्या दिवशी मी बायकोसाठी गजरा नेला होता. ती म्हणाली, "काय मोडलंसा?"

तू खड्ड्याकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "दत्त्या, जा कान धुऊन ये आन दुसरी चकती कर. मग बोलू."

झालं. माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत एकदा मी बरोबर असताना, तेव्हाही गुलाल? मी म्हणालो, करणार नाही दुसरी चकती. सही कर. तू म्हणालास, न्हाय. मग तूच कर चकती, मी म्हणालो. "दावा तुझा हाय. मी कशापायी करू?" तूही हटला नाहीस. सराफ दोनदा येऊन गेला आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा हात जोडून म्हणाला, "तुमचं दोघांचं ठरूस्तवर देव उघड्या पाठीनं बसलाय." शेवटी त्यानं तुझ्या शब्दावर नुसती राळ भरली. देवाची काही तक्रार आलेली नाही. माझी होती.

तो आलेख बिनसहीचा राहिला. मी तो माझ्या खणात ठेवला आणि अधूनमधून काढून तुझ्यापुढं धरायचो. तू कपबशीतनं वर न बघता म्हणायचास, "धुतलास?"

दवाखान्यातसुद्धा मी तो घेऊन आलो होतो. लाज वाटत नाही सांगायला, कारण तू मला ओळखतोस आणि बाकीच्यांना आता कळलंच आहे. गुंडाळी करून पिशवीत, शहाळ्याखाली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हितं तरी नका भांडू." मी म्हणालो, भांडत नाही, नुसती सही पायजे. तू नाकावरची नळी सरकवून कागद बघितलास. लांब धरलास. मी सवयीनं उजवी कड धरली. आणि तू म्हणालास, "दत्त्या… कान." पुढचं बोलवलं नाही. हसलास मात्र पुरेपूर.

माझ्याशी बोललेला तुझा शेवटचा शब्द 'कान' आहे, सदा. लोकांना त्यांचे मित्र जाताना काय काय सांगून जातात. सांभाळून राहा, घराकडं लक्ष दे. मला कान. मी रिक्षात बसलो आणि आधी चिडलो आणि मग पुलावर रिक्षा थांबवायला सांगितली. रिक्षावाला म्हणाला, "काय पावणं, उलटी व्हतीया काय?" व्हय म्हणालो. रडतोय हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

तुझ्या अंत्ययात्रेलाही किती माणसं! ओतकामवाले, गुऱ्हाळवाले, तो ग्रीसवालासुद्धा. मी मनातल्या मनात माझ्या माणसांची मोजणी करायला लागलो आणि मग घाईघाईनं थांबवली.

शोकसभेतल्या त्या वाक्यानंतर वहिनींनी मला बाहेर गाठलं. वाटलं, आता खरडपट्टी. त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, खरंच तुमी बरोबर असशीला तर ह्येंच्या संग्रहात तुमचं नाव लागू दे. न्हायतर ह्येंचं लागू दे. पर लोंबकळत नगा ठेवू. घरात रोज त्यो कागुद निघायचा." म्हणजे तू घरीही बोलायचास त्याच्यावर! मला रात्रीची झोप नाही आणि तुझ्याही जेवणात तो खडा होता, हे ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वाईट माणूस आहे मी.

आपला संग्रह आता तेजश्री सांभाळते. तुझी विद्यार्थिनी. तुझ्या टेबलावर बसते, तुझ्यासारखा कागद लांब धरते, आणि मी तिच्यावरही जळतो. तुझ्याकडून ती शिकली, मी नुसता तुझ्याशेजारी बसलो. संग्रह नीट लावायला घेतलाय तिनं. बिनसहीचे आलेख बाजूला काढून टाकणार, म्हणाली. मग मला जावंच लागलं.

जाण्याआधी मी आदल्या दिवशी खिडकीशी एकट्यानं करून बघितलं. लाखेचा आलेख खाली, माझा वर. एका माणसाला दोन कागद सरळ धरता येत नाहीत, सदा. डावी कड सारखी गळून पडते. चिकटपट्टी लावली. ती उन्हानं सुटली. इतकी वर्षं मला वाटत होतं की ओळखायचं काम तुझं आणि धरायचं काम मात्र दोघांचं सारखं. तेही तूच जास्त करत होतास, असं दिसतंय.

तेजश्रीपुढं आलेख ठेवला. म्हणालो, राळेत लाख. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, डोळे भरून आले तिचे, आणि पेन काढून सही ठोकली. "सर, तुम्ही म्हणताय म्हणजे असंलच."

बघ कसं असतंय. ज्या सहीसाठी मी तुझ्या खाटेशी कागद घेऊन उभा राहिलो, ती फुकटात मिळाली. आणि मला तोंडात माती गेल्यासारखं वाटलं. ती सही नव्हतीच. ती मला दिलेली सहानुभूती होती. तू एवढी वर्षं सही केली नाहीस, कारण माझा आलेख खरंच वाचणारा जगात तू एकटा होतास. हे मला तिथं, त्या खुर्चीत बसून कळलं, आणि माझा पारा चढला.

"बघितलास का तरी?" मी ओरडलो. "दरी कुठं आहे, खड्डा कुठं आहे, बघितलास? सदानं हे शिकवलं तुला? खोड ती सही!"

ती दचकली. मग तिच्यातली उचगावची पोर जागी झाली. सही खोडली, माझा कागद लाखेच्या आलेखावर ठेवला, खिडकीशी गेली. डावी कड तिनं धरली. उजवी मी. ऊन आलं.

तिनं वरची रेघ खालच्या रेघेशी पडताळली आणि म्हणाली, "सर, ह्यो खड्डा लाखेच्या जागंवर न्हाय. तिच्यापेक्षाबी डावीकडं हाय."

"पट्टी लाव."

"लावली की डोळ्यानं."

तुझंच वाक्य. जळलो.

सराफाची बाटली अजून होती, तळाशी खड्याचा चुरा. नवं यंत्र तू शेवटी शेवटी वापरायचास ते. चकती नको, मीठ नको, कणभर नमुना ठेवायचा, वरून दाबायचं आणि आलेख समोर. तेजश्रीनं हातमोजे घातले, चिमट्यानं कण ठेवला, दाबला. राळेची दरी आली, आपल्या जागी, देखणी. डावा काठ गुळगुळीत. खड्डा नव्हता.

मी म्हणालो, यंत्र बिघडलंय.

तिनं माझ्याकडं बघितलं. तिरकी मान करून. मी ती मान ओळखतो, सदा. माझा हात तेव्हा कुठं होता? डोक्यावर. विचार करत होतो ना मी!

"सर, जरा खाली वाका."

"कशाला?"

"वाका की."

वाकलो. तिनं कापसाचा बोळा माझ्या टाळूवरून फिरवला, यंत्राला टेकवला आणि दाबला. पडद्यावर भली थोरली दरी पडली. खोबरेल तेलाची. मग तिनं माझा जुना आलेख तिच्यावर चढवला. खड्डा त्या दरीत असा जाऊन बसला, जसा घरचा माणूस घरात शिरतो. चकती करताना माझं बोट डोक्यावरून मिठात आलं होतं. एवढंच. मुखवट्यात लाख कधीच नव्हती.

मी खाली बसलो. तुला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. कान धुऊन ये आणि दुसरी चकती कर. ती चेष्टा नव्हती. तो अहवाल होता. तू मला सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा उघडं पाडलं नाहीस, चकती स्वतः केली नाहीस, कारण तुझ्या हातानं झाली असती तर गुलालासारखीच ती तुझी गोष्ट झाली असती. माझी चूक मला सापडू द्यायची होती तुला. आणि नळी लावलेल्या नाकानं, शेवटचा श्वास खर्चून, तू मला पुन्हा तेच सांगितलंस. मी रिक्षात रुसून बसलो.

आभार मानू का? मानतो. पण एवढं चांगलं असायची काही गरज नव्हती रे. जळायलासुद्धा जागा ठेवली नाहीस.

तेजश्री कागद घेऊन उभी होती. मी तो फाडायला हात पुढं केला. तिनं मागं ओढला.

"फाडायचा न्हाय, सर. आता हे काय हाय ते ठावं हाय, म्हणजे संग्रहात लागतंय."

"कुठल्या नावानं?"

तिनं लिहिलं, खाली सही केली, आणि पेन माझ्यापुढं धरलं.

"राळ, आन दत्तासरांचं डोकं. करा सही."